सी ड्राइव्ह भरला? आधी मोजा, मग पुसा

घरातील संगणकाने सात-आठ वर्षांचा पल्ला ओलांडला, की त्याच्या कुरबुरी सुरू होतात. सुरू होण्यासच पाच-दहा मिनिटे लागतात, टंकलेखन करताना अक्षरे मागाहून उमटतात आणि एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात ‘लो डिस्क स्पेस’ अशी सूचना झळकते. ‘धिस पीसी’ उघडून पाहावे, तर सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली असते. १० टक्क्यांहून कमी जागा उरली, की विंडोज ही पट्टी लाल करते. अशा वेळी आपल्याकडे दोनच उपाय सर्रास योजले जातात. एक म्हणजे ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून संगणक ‘फॉरमॅट’ करून घेणे आणि दुसरा म्हणजे समोर दिसेल ती फाइल पुसत सुटणे. पहिल्या उपायात बरेच काही हकनाक जाते. दुसऱ्यात नेमके हवे असलेले जाते आणि जागा मात्र फारशी मिळत नाही.

जागा भरण्याचा परिणाम वेग मंदावण्यापुरता नसतो. विंडोजला चालताना तात्पुरत्या फाइल्स ठेवण्यासाठी आणि मेमरी अपुरी पडल्यास डिस्कचा आधार घेण्यासाठी मोकळी जागा लागते. सुरक्षेचे अपडेट उतरवून ते बसवण्यासही काही जीबी जागा हवी असते. ती नसेल तर अपडेट अर्धवट राहते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा फसते. संगणक महिनोन्‌महिने जुन्या त्रुटींसह इंटरनेटवर वावरतो आणि त्याच संगणकावरून घरातील मंडळी बँकेचे व्यवहार करतात.

पाचशेचे चारशे पासष्ट कसे झाले?

‘५०० जीबीची डिस्क घेतली, पण दाखवते ४६५ जीबीच. उरलेली जागा गेली कुठे?’ हा प्रश्न दुकानदारांना वर्षानुवर्षे विचारला जातो. यात फसवणूक नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असा दशमान हिशेब करतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ५०० जीबीचे सुमारे ४६५ आणि एक टीबीचे सुमारे ९३१ जीबी दिसतात. ही ‘हरवलेली’ जागा परत मिळवून देण्याचा दावा करणारा कोणताही प्रोग्रॅम संगणकात घेऊ नये.

आधी मोजमाप

जागा कशाने खाल्ली हे माहीत नसताना साफसफाईला हात घालणे व्यर्थ आहे. पुसण्याचे काम सुरू झाले, की माणूस पत्रांच्या, बायोडेटाच्या, शाळेच्या अर्जांच्या वर्ड फाइल्सवर घसरतो, कारण त्या डोळ्यांसमोर असतात. प्रत्यक्षात अशी एक फाइल बहुधा काही डझन केबींची असते. अशा हजार फाइल्स पुसल्या तरी मोबाइलवर काढलेल्या पाव मिनिटाच्या चित्रफितीएवढी जागा मिळेल, न मिळेल. घरगुती डिस्कवरील बहुतेक जागा मोजक्या आठ-दहा ठिकाणी अडकलेली असते. ती ठिकाणे शोधणे हेच खरे काम.

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात सिस्टम आणि त्यात स्टोरेज असे गेल्यास कोणत्या प्रकाराने किती जागा घेतली याचा तक्ता दिसतो. हा तक्ता ढोबळ असतो. ‘अदर’ या सदराखाली ९० जीबी दाखवले, तर त्यातून काहीच बोध होत नाही. त्यासाठी विनडरस्टॅट हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. २००३ पासून उपलब्ध असलेला हा प्रोग्रॅम डिस्कवरील प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या प्रमाणात रंगीत चौकोनाच्या रूपाने दाखवतो. मोठा चौकोन म्हणजे मोठी फाइल. त्यावर क्लिक केले, की ती कोठे आहे हे कळते. ट्रीसाइझ फ्री आणि विझट्री हे प्रोग्रॅमही हेच काम करतात. यांपैकी कोणताही त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि त्याचा वापर पाहण्यापुरता करावा. पुसण्याची सोय त्यात आहे म्हणून तेथूनच पुसू नये.

मोजमाप झाल्यावर प्रत्येक मोठ्या गोष्टीला एकच प्रश्न विचारावा : ही गेली तर परत मिळेल का? प्रोग्रॅम पुन्हा बसवता येतो, चित्रपट पुन्हा उतरवता येतो, ब्राउझरची साठवण आपोआप पुन्हा तयार होते. बारशाची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत.

सी भरलेला, डी रिकामा

आपल्याकडील जुळणी केलेल्या संगणकांत एक गोष्ट हमखास आढळते. जुळणी करणाऱ्याने एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात. काही वर्षांपूर्वी सी ला ५०-६० जीबी पुरेसे वाटत, आता ते पुरत नाहीत. सी लाल झालेला आणि डी जवळजवळ मोकळा, अशी स्थिती असेल तर काहीही पुसण्याची गरज नाही. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डाउनलोड्स ही फोल्डरे मुळात सी वर असतात. यांपैकी एकावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यातील लोकेशन आणि मग मूव्ह निवडावे आणि डी वर त्याच नावाचे नवे फोल्डर दाखवावे. विंडोज सगळा ऐवज तिकडे नेते आणि पुढच्या फाइल्सही तेथेच साठवते. थेट डी ड्राइव्हचे मूळ ठिकाण दाखवू नये, अन्यथा पूर्ण ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ बनतो आणि ते निस्तरणे कटकटीचे ठरते. आणखी एक अट अशी, की हीच फोल्डरे वनड्राइव्हवर जोडलेली असतील, तर ती जोडणी आधी काढावी लागते.

डी बद्दल एक गैरसमज मात्र घरोघरी आहे. ‘महत्त्वाचे सगळे डी मध्ये ठेवले आहे, म्हणजे सुरक्षित आहे,’ असे लोक सांगतात. सी फॉरमॅट केला तरी डी राहतो, एवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु दोन्ही भाग एकाच डिस्कवर असतील, तर डिस्क बिघडली की दोन्ही एकदम जातात.

निर्धास्तपणे काय काढावे?

सुरुवात रिसायकल बिनपासून करावी. फाइल पुसली तरी ती बिनमध्ये असेपर्यंत जागा सुटत नाही. बिन रिकामा करण्यापूर्वी त्यातील यादीवरून एकदा नजर फिरवावी.

त्यानंतर डिस्क क्लीनअप. हे साधन विंडोज ९८ पासून सोबत आहे आणि अजूनही चोख काम करते. स्टार्टमध्ये त्याचे नाव टंकित करून ते उघडावे, सी निवडावा आणि खालचे ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ हे बटण आवर्जून दाबावे. बहुतेक जण हे बटण दाबत नाहीत आणि खरी जागा त्यामागेच दडलेली असते. ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ या ओळीत जुन्या अपडेटचे अवशेष असतात. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ ही ओळ दिसली, तर ती बहुधा सर्वांत मोठी असते. विंडोजची नवी आवृत्ती बसली, की जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात ठेवली जाते. नवी पसंत पडली नाही तर परतण्याची ती सोय असते आणि साधारण १० दिवसांनी विंडोज ती स्वतःच काढते. नवी आवृत्ती ठीक चालत असेल तर ती आधीच काढण्यास हरकत नाही. मात्र एकदा काढल्यावर मागे जाता येत नाही.

येथे एक खड्डा आहे. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने डिस्क क्लीनअपच्या यादीत ‘डाउनलोड्स’ फोल्डरचाही समावेश केला. २०२० मध्ये ती ओळ तेथून काढण्यात आली, पण सेटिंग्जमधील ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ दिसते. आपल्याकडे डाउनलोड्स हे तात्पुरते ठिकाण नसते. प्राप्तिकराचे विवरणपत्र, विम्याची पावती, मुलांचा निकाल, रेल्वेचे तिकीट असे सगळे वर्षानुवर्षे तेथेच पडून असते. त्या ओळीसमोर खूण नाही ना, हे पाहूनच पुढे जावे. हे फोल्डर हाताने निवडून आवरावे. आकारानुसार क्रम लावला, की प्रोग्रॅम बसवण्याच्या मोठ्या फाइल्स, एकदा पाहिलेले चित्रपट आणि एकाच दस्तऐवजाच्या कंसात एक, दोन, तीन असे आकडे असलेल्या प्रती वर येतात.

संगणकावर आयट्यून्स असेल, तर आयफोनच्या जुन्या बॅकअपची चौकशी करावी. विकून टाकलेल्या फोनचे बॅकअपही तसेच राहतात आणि एकेक बॅकअप दहा-वीस जीबींचा असू शकतो. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमधील डिव्हायसेस या भागातून ते काढता येतात. टेलिग्रामचा संगणकावरील प्रोग्रॅमही आलेली छायाचित्रे व चित्रफिती साठवत राहतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये या साठ्याला मर्यादा घालता येते.

विंडोजच्या स्वतःच्या मोठ्या फाइल्स

विनडरस्टॅटच्या चित्रात ‘हायबरफिल’ नावाचा एक मोठा चौकोन दिसतो. संगणक हायबरनेट होताना मेमरीतील मजकूर या फाइलीत ठेवला जातो. विंडोज १० मध्ये तिचा आकार सहसा मेमरीच्या ४० टक्के असतो, म्हणजे ८ जीबी मेमरी असल्यास सुमारे ३.२ जीबी. टेबलावरच्या संगणकात हायबरनेट क्वचितच वापरले जाते. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘पॉवरसीएफजी’ (स्पेलिंग : पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी), मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘एच’, पुन्हा जागा सोडून ‘ऑफ’ अशी आज्ञा दिली, की फाइल नाहीशी होते. त्यासोबत ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होते, त्यामुळे संगणक सुरू होण्यास काही सेकंद अधिक लागतील. लॅपटॉपवर हा प्रयोग करू नये. बॅटरी संपत आली की उघडे काम वाचवणारी हीच फाइल असते.

‘पेजफाइल’ला हात लावू नये. मेमरी कमी असलेल्या जुन्या संगणकाला तिचीच सर्वाधिक गरज असते. ‘विनएसएक्सएस’ हे फोल्डरही तसेच राहू द्यावे. ते दिसते तेवढे मोठे नसते, कारण त्यातील अनेक फाइल्स विंडोजच्या इतर फोल्डरांतही त्याच जागेवरून दाखवल्या जातात आणि मोजताना दोनदा धरल्या जातात. ते हाताने पुसणाऱ्यावर विंडोज पुन्हा बसवण्याची वेळ येते.

छायाचित्रे आणि लग्नाच्या चित्रफिती

खरा पसारा येथे असतो आणि खरी जोखीमही येथेच.

मोबाइल बदलताना किंवा त्याची मेमरी भरल्यावर सगळे संगणकावर उतरवून ठेवायचे, ही आता घराघरांतील रीत झाली आहे. पुढच्या वेळी आधी काय उतरवले होते याचा विसर पडतो आणि तेच फोल्डर नव्या नावाने पुन्हा उतरते. ‘मोबाइल’, ‘मोबाइल नवीन’, ‘आईचा मोबाइल’, ‘डेस्कटॉपवरचे सगळे’ अशा नावांच्या फोल्डरांत तीच छायाचित्रे तीन-तीन वेळा असतात. एकसारख्या फाइल्स शोधणारे प्रोग्रॅम मिळतात. मात्र त्यांना केवळ नावावरून नव्हे, तर आतील मजकुरावरून तुलना करण्यास सांगावे. कॅमेरे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, त्यामुळे एकाच नावाची दोन छायाचित्रे अगदी वेगळी असू शकतात.

चित्रफितींचा हिशेब याहून मोठा आहे. आयफोनवर ४के दर्जाच्या एका मिनिटाच्या चित्रणाला नव्या स्वरूपात साधारण १७० एमबी आणि जुन्या स्वरूपात ३५० एमबी लागतात. १५-२० वर्षांपूर्वीच्या लग्नांची गोष्ट वेगळी. मिनी डीव्ही कॅसेटवरील चित्रण संगणकात जसेच्या तसे उतरवले, तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात. चार कॅसेटचे लग्न ५० जीबींच्या पुढे जाते. बऱ्याच घरांत हे मूळ चित्रण, त्यावरून बनवलेली डीव्हीडी आणि त्या डीव्हीडीवरून पुन्हा कॉपी केलेले फोल्डर असे तिन्ही एकाच डिस्कवर नांदत असते. हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने त्याचे एमपी४ रूप बनवले तर आकार कित्येक पटींनी घटतो. तरीही मूळ चित्रण पुसू नये, बाहेरच्या डिस्कवर ठेवावे. रूपांतरात गेलेला दर्जा परत येत नाही. छायाचित्रे आणि चित्रफिती झिप करून जागा वाचेल, ही अपेक्षाही ठेवू नये. त्या आधीच दाबलेल्या असतात.

बाहेरच्या डिस्कवर नेताना ‘कट’ करून ‘पेस्ट’ करण्याची सवय मोडावी. मध्येच वीज गेली किंवा वायर हलली, तर फाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी गत होऊ शकते. आधी कॉपी करावी, दोन्हीकडच्या फोल्डरांवर उजवे क्लिक करून फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट जुळवावेत, चार-पाच फाइल्स उघडून पाहाव्यात आणि मगच मूळ प्रत पुसावी. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही, मग तो ६४ जीबींचा का असेना. अशा वेळी तो रिकामा करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा.

सगळे बाहेरच्या डिस्कवर नेले, म्हणजे बॅकअप झाला असे नाही. पूर्वी एक प्रत होती, आताही एकच आहे. फक्त तिची जागा बदलली. जे परत मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर हव्यात. पूर्वी सीडींवर उतरवून ठेवलेले असेल, तर ते सध्या वाचता येते का, हेही याच निमित्ताने पाहावे. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींमधील रंगद्रव्य काळानुसार खराब होते.

जुनी मराठी कागदपत्रे

मराठी घरांतील संगणकावर आणखी एक धोका संभवतो आणि साफसफाईच्या इंग्रजी पुस्तकांत तो सापडणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, किरण, सीडॅकचे आयएसएम अशा फॉन्टांत आपण बरेच काही टंकित केले. सोसायटीची इतिवृत्ते, घराण्याचे कुलवृत्तान्त, आजोबांच्या आठवणी, दिवाळी अंकासाठी लिहिलेले लेख. या फाइलींत मराठी अक्षरे नसतातच. असतात ते सांकेतिक क्रमांक, ज्यांना त्या विशिष्ट फॉन्टमुळे मराठी वळण दिसते. ‘हा जुना प्रोग्रॅम कोणी वापरत नाही’ म्हणून तो काढून टाकला, फॉन्ट पुसले किंवा संगणक फॉरमॅट केला, की त्या फाइली उघडतात, पण पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटते.

फॉन्टची फाइल काही केबींची, फार तर काहीशे केबींची असते. ती पुसून जागा मिळत नाही. उलट विंडोजमधील फॉन्ट्स फोल्डरातून हे जुने फॉन्ट पेन ड्राइव्हवर काढून ठेवावेत. महत्त्वाच्या फाइली फॉन्ट जागेवर असतानाच उघडून त्यांची पीडीएफ प्रत करावी, म्हणजे त्या कोठेही जशाच्या तशा दिसतील. शक्य तेथे रूपांतरकाच्या साह्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, म्हणजे पुढे त्यात दुरुस्ती करता येईल आणि शोधही घेता येईल. रूपांतर केलेला मजकूर एकदा वाचून घ्यावा लागतो, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

इंटरनेटवरील साठवण

गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली. तेव्हापासून नवी छायाचित्रे जीमेल आणि ड्राइव्हसह सामाईक मर्यादेत मोजली जातात. वनड्राइव्हचे खाते अनेकांच्या संगणकावर त्यांच्या नकळत सुरू झालेले असते. यात घोटाळा होतो तो ‘सिंक’ या शब्दाचा अर्थ न कळल्याने. वनड्राइव्हच्या फोल्डरातून फाइल पुसली, तर ती इंटरनेटवरूनही पुसली जाते. संगणकावरील जागा तेवढी सोडवायची असेल, तर फाइलवर उजवे क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडावे. मग फाइलचे नाव दिसत राहते, मजकूर इंटरनेटवर राहतो आणि उघडताना पुन्हा उतरतो. चुकून पुसलेच, तर वनड्राइव्हच्या संकेतस्थळावरील रिसायकल बिनमध्ये वैयक्तिक खात्याची फाइल ३० दिवस मिळू शकते.

क्लीनरांच्या नादी लागावे का?

‘एका क्लिकमध्ये संगणक वेगवान’ अशा जाहिराती करणाऱ्या प्रोग्रॅमांची गरज नाही, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. जे ते पुसतात, ते विंडोजच्या साधनांनीही पुसता येते. रजिस्ट्री साफ करून मोजता येईल अशी जागा मिळत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो. नावाजलेला प्रोग्रॅमही निर्धोक असतोच असे नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक संकेत घुसवला होता आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती. डीफ्रॅगमेंट करण्यानेही जागा वाढत नाही. फाइलींचे विखुरलेले तुकडे ते एकत्र आणते, इतकेच.

डिस्कच थकली असेल तर?

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, एखादे फोल्डर उघडताना संगणक गोठत असेल किंवा कॉपी करताना ठरावीक फाइलीपाशीच अडत असेल, तर साफसफाई तत्काळ थांबवावी. अशा डिस्कवर पुसणे, डीफ्रॅग करणे, दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवणे म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणे. जे परत मिळणार नाही ते आधी बाहेर काढावे.

डिस्क धडधाकट असली, तरी जुन्या संगणकात सॉलिड स्टेट डिस्क बसवण्याचा विचार जरूर करावा. पसारा आवरल्यावर सी वर सत्तर-ऐंशी जीबीच उरतात, असे अनेक घरांत आढळेल. त्यासाठी २५६ जीबींची छोटी सॉलिड स्टेट डिस्क पुरते आणि जुनी डिस्क छायाचित्रांसाठी तशीच ठेवता येते. वेगातील फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ६४ जीबींची डिस्क लागते, पण जुन्या संगणकांत अडसर सहसा जागेचा नसून प्रोसेसर आणि टीपीएम २.० चा असतो. नवी डिस्क घेण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या प्रोग्रॅमने तपासून पाहावे.

सॉलिड स्टेट डिस्कबाबत एक फरक ध्यानात ठेवावा. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा परत मिळवता येते. सॉलिड स्टेट डिस्कवर पुसलेली जागा थोड्याच वेळात आतून खरोखर रिकामी केली जाते आणि मग डेटा मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांनाही फारसे काही करता येत नाही.

जुनी डिस्क भंगारात द्यायची असल्यास ‘क्विक फॉरमॅट’वर भागवू नये. त्याने फाइलींची यादी जाते, फाइली राहतात. त्यासमोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला, की विंडोज व्हिस्टा आणि त्यापुढच्या आवृत्त्या संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितात. ५०० जीबींच्या डिस्कला त्यासाठी काही तास लागू शकतात. रात्री सुरू करून ठेवावे.